गोचीडतापावरील उपचार चालू असताना घोड्याची निगा

घोडा सुस्त झाला, अंगाने तापला किंवा आज या पायाने तर उद्या त्या पायाने लंगडू लागला, की हल्ली मालक मोबाइलवर शोध घेतो आणि त्याच्या वाचनात सर्वांत आधी ‘लाइम’ हा आजार येतो. हा आजार गोचिडीपासूनच होतो, हे खरे आहे. परंतु तो बोरेलिया नावाच्या जिवाणूमुळे होतो, तो पसरवणारी आयक्सोडिस गटातील गोचीड प्रामुख्याने अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि युरोपातील दमट जंगलपट्ट्यांत आढळते, आणि त्यावर टेट्रासायक्लिन गटाची प्रतिजैविके बहुधा महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ द्यावी लागतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या उष्ण आणि कोरड्या मुलखात घोड्याच्या अंगावर सापडणारी गोचीड सहसा हायलोमा किंवा ऱ्हिपिसेफॅलस गटातील असते, आणि तिच्यापासून होणारा मुख्य आजार म्हणजे पायरोप्लाझ्मोसिस, म्हणजेच आपण ज्याला गोचीडताप म्हणतो तो. थेलेरिया इक्वी आणि बबेसिया कॅबॅली हे दोन सूक्ष्म परजीवी रक्तातील लाल पेशींत शिरून त्या फोडतात. कधी एकच परजीवी असतो, कधी दोन्ही एकत्र असतात. लाइमचे औषध या आजारात पुरे पडत नाही, म्हणून परदेशी माहिती वाचून प्रतिजैविकाचा कोर्स सुरू करणे म्हणजे हातचे मोलाचे दिवस वाया घालवणे होय.

उपचारापूर्वी एक गोष्ट झालीच पाहिजे, ती म्हणजे रक्ततपासणी. ताप चढलेला असताना आणि औषधाचा पहिला थेंबही अंगात गेलेला नसताना घेतलेल्या रक्ताच्या काचपट्टीवर परजीवी दिसण्याची शक्यता सर्वाधिक असते. इंजेक्शननंतर घेतलेले रक्त पुष्कळदा काहीच सांगत नाही. ही तपासणी आवश्यक असण्याचे आणखी एक कारण असे, की आपल्याकडे सर्रा हा आजारही घोड्यांना होतो. तो चावऱ्या माश्यांमार्फत पसरतो, त्यातही अधूनमधून ताप येतो, घोडा खंगतो, पोटाखाली व पायांवर सूज येते आणि रक्त कमी होते. लक्षणे इतकी मिळतीजुळती असली तरी सर्ऱ्याचे औषध वेगळे आहे. काचपट्टीवर काही न सापडल्यास रक्तजल (सीरम) तपासणीसाठी पाठवता येते. हिसार येथील राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रात या दोन्ही आजारांच्या चाचण्या होतात. तापासोबत नाकातून घट्ट, पिवळसर स्राव येत असेल किंवा अंगावर गाठी फुटत असतील, तर मात्र घोडा ताबडतोब वेगळा बांधून पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे. ती लक्षणे ग्लँडर्सची असू शकतात आणि तो आजार माणसालाही होतो.

गोचीडतापावर सर्वाधिक वापरले जाणारे औषध इमिडोकार्ब हे आहे. बबेसियासाठी त्याची सहसा दोन इंजेक्शने एका दिवसाच्या अंतराने, तर थेलेरियासाठी अधिक मात्रेची चार इंजेक्शने ७२ तासांच्या अंतराने दिली जातात. नेमका निर्णय पशुवैद्यकाचा असतो आणि काही वेळा ते बुपार्व्हाक्वोन किंवा दुसरे औषध निवडतात. मालकाच्या हाती असलेली आणि फार कमी जण मनावर घेतात अशी गोष्ट म्हणजे वजन. या औषधाची उपयुक्त मात्रा आणि त्रासदायक मात्रा यांत अंतर कमी असल्यामुळे ‘असेल साडेतीन-चारशे किलो’ असा अंदाज चालत नाही. शिंप्याच्या टेपने खांद्यामागून छातीचा घेर आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी, घेराला घेराने व नंतर लांबीने गुणावे आणि येणाऱ्या संख्येला ११,९०० ने भागावे. घेर १६० आणि लांबी १४५ असेल, तर वजन सुमारे ३१२ किलो निघते. घोडी गाभण असेल तर ते न विचारताच सांगावे, कारण थेलेरियाची लागण गर्भालाही होते आणि घोडी गाभडण्याचा धोका असतो. घरी गाढव किंवा खेचर असेल आणि त्यालाही ताप असेल, तर घोड्यासाठी आणलेल्या बाटलीतून त्याला परस्पर टोचू नये. गाढवांना हे औषध अधिक बाधते आणि मोठी मात्रा प्राणावर बेतू शकते.

इंजेक्शनच्या दिवशी घोडा मऊ जमिनीवर, सावलीत आणि मोकळ्या जागी बांधावा. अगाडी-पिछाडी लावून जखडू नये. औषध अंगात गेल्यावर थोड्याच वेळात तोंडातून लाळ गळणे, घाम येणे, अस्वस्थ होणे, पुढच्या पायाने जमीन उकरणे, पोटाकडे वळून पाहणे, पातळ लीद टाकणे असे प्रकार होऊ शकतात. पुष्कळ घोड्यांत ते काही तासांत ओसरतात. हा त्रास कमी करणारे इंजेक्शनही असते, पण त्यातील काही औषधे आतड्यांची हालचाल मंदावतात, म्हणून ते द्यायचे की नाही हे पशुवैद्यकावरच सोडावे. पहिल्या इंजेक्शनच्या वेळी डॉक्टरांना किमान अर्धा तास थांबण्याची विनंती करावी आणि त्यांनी सुचवलेली वेळ, मग ती रात्रीची का असेना, चुकवू नये. घोडा पुन्हा पुन्हा लोळण घेऊ लागला, पोट फुगले, कानाजवळून खाली घाम निथळू लागला किंवा काही तास लीदच पडली नाही, तर ‘औषधाची उष्णता असेल’ असे म्हणून वाट पाहू नये. तालुक्याच्या दवाखान्याशी संपर्क होत नसेल, तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. मानेवर टोचलेल्या जागी गाठ येणे नेहमीचे असते. कोमट पाण्याच्या फडक्याने दिवसातून दोनदा शेकावे, चोळू नये, आणि पुढचे इंजेक्शन दुसऱ्या बाजूला देण्याची आठवण करावी.

उपचाराच्या काळात तबेल्यात एक साधी वही टांगलेली असावी आणि तिच्यात रोज सकाळी उजाडताना व सायंकाळी ऊन उतरल्यावर पाच गोष्टी लिहाव्यात: ताप, नाडी, हिरड्यांचा रंग, लघवीचा रंग आणि किती पाणी प्यायला. निरोगी घोड्याचे तापमान ९९.५ ते १०१.५ अंश फॅरनहाइट असते आणि १०४ च्या वर गेलेला ताप तातडीचा समजावा. थर्मामीटरला दोरी व चिमटा बांधून चिमटा शेपटीच्या केसांना लावावा, टोकाला तेलाचे बोट लावावे, आणि घोड्याच्या थेट मागे उभे न राहता बाजूने, त्याच्या मांडीला खेटून, गुदद्वारात मोजावे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा दुपारी घेतलेले माप फसवे ठरते. म्हणून पहाटेच्या मापावर अधिक भरवसा ठेवावा. नाडी खालच्या जबड्याच्या कडेला, आतल्या बाजूने बोट टेकवले की सापडते. निवांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. ताप नसताना आणि हालचाल नसतानाही ती ५० च्या पुढे राहत असेल, तर रक्त कमी पडल्याने हृदयाला अधिक राबावे लागत आहे, असा त्याचा एक अर्थ निघतो. हिरड्या फिकट गुलाबी असाव्यात. त्या पांढुरक्या किंवा पिवळ्या दिसणे आणि लघवी चहासारखी तांबूस-काळी होणे ही लाल पेशी फुटत असल्याची चिन्हे आहेत; डोळ्याच्या पापणीच्या आतल्या पडद्यावर लाल ठिपके उमटणे हेही या आजाराचे लक्षण आहे. लघवीचा हा रंग औषध सुरू झाल्यावरही टिकून राहिला, तर त्याच दिवशी कळवावे, कारण फुटलेल्या पेशींतले रंगद्रव्य मूत्रपिंडाला इजा करते.

याच कारणाने पाण्याची काळजी दाणा-वैरणीच्या आधी येते. घोड्याला एरवीही दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागते आणि खानदेशी उन्हाळ्यात त्याहून अधिक लागते. हौदावर सगळी जनावरे एकत्र पीत असतील, तर आजारी घोडा किती प्यायला हे कळतच नाही. म्हणून त्याला मोजून भरलेल्या वेगळ्या बादल्या द्याव्यात. एका बादलीत साधे आणि दुसऱ्या बादलीत थोडे मीठ घातलेले पाणी ठेवावे, आणि साधे पाणी कधीही काढून घेऊ नये. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती लगेच बसली नाही, तर अंगातले पाणी कमी झाले आहे असे समजावे. बांबूच्या नळकांड्यातून किंवा बाटलीतून तोंड वर करून तेल, काढा अथवा पाणी पाजण्याची जुनी रीत मात्र पूर्णपणे थांबवावी. अशक्त घोड्याच्या घशातून ते फुप्फुसात उतरते आणि तापातून वाचलेला घोडा न्यूमोनियाने जातो. पोटात औषध घालायचेच असेल, तर ते नाकातून नळी घालून पशुवैद्यकच घालतील. गोळ्या दिलेल्या असतील, तर रावेर-यावलच्या लोकांना उपाय सांगायला नको: पिकलेल्या केळ्यात दडवलेली गोळी बहुतेक घोडे आनंदाने खातात.

खाण्याच्या बाबतीत आपल्याकडची ममता बहुधा अंगाशी येते. घोडा आजारी पडला की त्याला ‘ताकद यावी’ म्हणून भिजवलेला हरभरा, बाजरी आणि गूळ यांची चंदी वाढवली जाते. प्रत्यक्षात उभ्या घोड्याला भरपूर दाणा देणे म्हणजे पोटशुळाला आणि खुरांच्या दाहाला आमंत्रण आहे. तापातून उठणाऱ्या घोड्याला खुरांचा दाह तसाही होऊ शकतो. खुर गरम लागणे, खुराच्या वर मागच्या बाजूची नाडी जोरात उडणे, वजन मागच्या पायांवर टाकून उभे राहणे ही त्याची लक्षणे होत. म्हणून काम बंद असेपर्यंत चंदी निम्म्यावर आणावी किंवा बंद करावी आणि भर वैरणीवर ठेवावा. दादरचा (रब्बी ज्वारीचा) स्वच्छ कडबा बारीक कापून, हराळी व लसूणघास थोडा थोडा, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावा. तोंड फिरवणाऱ्या घोड्याला हाताने तोडलेले ओले गवत दाखवले तर तो पुष्कळदा खायला लागतो. कडबा धुळीचा असेल तर त्यावर पाणी शिंपडावे. बुरशी लागलेला मका, मक्याची कणसे किंवा त्याचा भरडा घोड्याला कधीही देऊ नये; त्या बुरशीचे विष घोड्याच्या मेंदूवर जाते आणि त्यावर इलाज नाही. कोंबड्यांचे खाद्य आणि मोनेन्सिन मिसळलेले कोणतेही पशुखाद्य घोड्याला विषच आहे, मग ते शेजारच्या म्हशीला कितीही मानवत असो.

औषधांच्या दुकानात ‘रक्त वाढवणारे’ म्हणून जे जे मिळते त्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. लाल पेशी फुटून झालेल्या रक्तक्षयात लोह अंगातच राहते, ते बाहेर पडत नाही. त्यामुळे लोहाच्या इंजेक्शनाचा विशेष उपयोग नसतो, उलट त्या इंजेक्शनाने घोडा क्षणात कोसळून दगावल्याचे प्रकार पशुवैद्यकशास्त्रात नोंदलेले आहेत. डॉक्सिसायक्लिन तोंडाने देता येते, परंतु शिरेतून दिल्यास ते घोड्याचा जीव घेऊ शकते. आयव्हरमेक्टिनचे गाईम्हशींसाठीचे इंजेक्शन घोड्यासाठी नाही. त्याच्यासाठी तोंडाने देण्याची पेस्ट असते. वेदनाशामक औषधे एकाच वेळी दोन प्रकारची देऊ नयेत आणि घोडा पाणी पीत नसताना तर ती विचारल्याशिवाय मुळीच देऊ नयेत, कारण पोटातील व्रण आणि मूत्रपिंडाची हानी हे त्यांचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. सांध्यावर किंवा पोटावर डाग देण्याने ताप उतरत नाही, घोडा मात्र भाजतो.

आता गोचिडीकडे वळू, कारण ती अंगावर असेपर्यंत उपचार अर्धवटच राहतो. कानांच्या आत, आयाळीच्या मुळाशी, जबड्याखाली, शेपटीच्या बुडाशी, जांघेत आणि घोडीच्या सडांजवळ किंवा नराच्या लिंगाच्या आवरणात ती रोज शोधावी. खरारा करताना आधी बोटे फिरवावीत. ताप असलेल्या दिवशी जोराचा खरारा करू नये. सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीला भिडवून धरावी, सरळ ओढून काढावी आणि साबणाच्या किंवा फिनेलच्या पाण्यात टाकावी. बिडीने चटका देणे, रॉकेल लावणे आणि विशेषतः उघड्या बोटांनी चिरडणे टाळावे. हायलोमा गोचिडीतून माणसाला क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ताप होऊ शकतो आणि २०११ मध्ये आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये त्याचे रुग्ण आढळले होते, म्हणून हातमोजे घालणे हा केवळ शहरी चोखंदळपणा नव्हे.

बैलांच्या गोचिडांसाठी घरात बहुधा अमिट्राझची बाटली असते. ती घोड्याला लावू नये. अमिट्राझमुळे घोड्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते, मोठ्या आतड्यात लीद अडकून बसते आणि जिवावर बेतणारा पोटशूळ होतो. या लेखातून एकच सूचना पाळायची असेल, तर माझ्या मते ती ही पाळावी, कारण ही चूक अगदी सद्हेतूने होते. सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन गटातील औषध घोड्याला चालेल अशा प्रमाणात पातळ करून, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, संध्याकाळी लावावे. गोठ्यातील भिंतींच्या भेगा लिंपून घ्याव्यात, चुना द्यावा, जुना पालापाचोळा आणि पऱ्हाटीचे ढीग ठाणापासून दूर हलवावेत, कारण रक्त पिऊन फुगलेली मादी अंगावरून गळून अशाच आडोशाला हजारो अंडी घालते. घोड्याजवळ बांधलेल्या बैलांवर आणि कुत्र्यांवर त्यांचे स्वतंत्र उपचार एकाच आठवड्यात उरकावेत.

सर्वांत कठीण भाग ताप उतरल्यानंतर येतो. दोन इंजेक्शनांत घोडा कान टवकारतो, खिंकाळतो, दाणा मागतो, आणि मालकाला वाटते की घोडा बरा झाला. परंतु ताप परजीवी दबल्यामुळे उतरलेला असतो; फुटलेल्या लाल पेशींच्या जागी नव्या तयार व्हायला आठवडे लागतात. कुत्रा किंवा गाय यांच्या रक्तात अपरिपक्व नव्या पेशी दिसतात आणि त्यावरून भरपाई सुरू झाल्याचे कळते. घोड्याचे शरीर मात्र त्या पेशी पक्व होईपर्यंत अस्थिमज्जेतच राखून ठेवते, म्हणून एका रिपोर्टवरून काहीच ठरवता येत नाही. पीसीव्ही, म्हणजे रक्तातील पेशींचे शेकडा प्रमाण, उपचाराच्या आरंभी आणि नंतर दर आठवड्या-दोन आठवड्यांनी पाहावे. निरोगी घोड्यात ते साधारण ३२ ते ४८ असते आणि ते सलग चढत असेल तरच भरपाई होत आहे असे म्हणता येते.

रक्तक्षय ठळक असेल, तर चार ते सहा आठवडे खोगीर, टांगा आणि नाच हे तिन्ही बंद ठेवण्याची तयारी मालकाने पहिल्याच दिवशी करावी. लग्नसराईत ही अट जड जाते, हे मान्य आहे; वरातीचा घोडा उभा राहिला की घरातली कमाईही थांबते. तरीही बँड, फटाके, रात्रीचे जागरण आणि डांबरी रस्त्यावरील नाच हे सर्व अर्ध्या रक्तावरच्या घोड्याकडून करून घेतल्यास दबलेला आजार उलटतो, आणि मग दिवसांऐवजी हंगामच जातो. घेतलेली सुपारी दुसऱ्या घोडेवाल्याला देणे त्यापेक्षा स्वस्त पडते. पहिल्या आठवड्यात केवळ सावलीत मोकळे सोडावे. मग सकाळी व सायंकाळी दहा-दहा मिनिटे लगाम हातात धरून चालवावे आणि हा वेळ हळूहळू वाढवावा. प्रत्येक फेरीनंतर नाडी मोजावी. दहा-पंधरा मिनिटांच्या विश्रांतीनंतरही ती मूळ आकड्यावर आली नाही, तर दुसऱ्या दिवशी फेरी वाढवण्याऐवजी कमी करावी. चंदीही याच क्रमाने, आठ-दहा दिवसांत थोडी थोडी वाढवत पूर्ववत आणावी.

बरा झालेला घोडा पूर्णपणे परजीवीमुक्त झाला असेलच असे नाही. थेलेरियाची लागण झालेला घोडा बहुधा आयुष्यभर वाहक राहतो. तो दिसायला ठणठणीत असला तरी त्याच्या अंगावरच्या गोचिडीतून आणि त्याला वापरलेल्या सुईतून आजार दुसऱ्याकडे जातो. म्हणून प्रत्येक घोड्याला नवी सुई व नवी सिरिंज वापरावी. लांबचा प्रवास, बाळंतपण किंवा कष्टाचे काम यानंतर वाहक घोड्याला पुन्हा ताप येऊ शकतो, तेव्हा अशा प्रसंगानंतर आठवडाभर थर्मामीटर पुन्हा काढावा. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा अनेक मुलखांतून घोडे येतात. तेथून नवा घोडा आणल्यास तो एक महिना वेगळा बांधावा आणि रोज ताप मोजावा, कारण गोचीड चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत १० ते ३० दिवस जाऊ शकतात. आपलाच घोडा तेथे विकायला न्यायचा असेल, तर उपचाराची वही आणि शेवटचा रक्ताचा रिपोर्ट सोबत ठेवून घेणाऱ्याला दाखवावा, म्हणजे त्याच्या पशुवैद्यकाला पुढच्या तापाच्या वेळी तपास कुठून सुरू करायचा हे कळेल.